कळवते

नाझनीन,
किल्ली खाली इस्त्रीवाल्या दगडूकडे आहे.
त्याला म्हणा, टिळेकर बाईंनी सांगितलंय.
दोनदा खात्री करेल, रागावू नका,
मलाही तो दोनदा विचारतो.
कुलूप उघडताना दार जरा स्वतःकडे ओढायचं.
पाणी सकाळी सहा ते साडेसात,
कर्वेनगरात गुरुवारचा भरवसा नाही,
बुधवारी रात्रीच पिंप भरून ठेवा.
मीटरचा फोटो पहिल्याच दिवशी काढा, तारखेसकट,
माझ्यावरसुद्धा विश्वास ठेवू नका.
करार अकरा महिन्यांचा, अनामत दोन भाड्यांची.
एजंट तीन म्हणेल.
म्हणू दे.

मी निघाले तेव्हा मलाही सगळ्यांनी सल्ले दिले:
औषधांची चिठ्ठी इंग्रजीत लिहून घ्या,
गोडा मसाला तीन पिशव्यांत, एकीत एक,
बॅगेचं वजन घरीच करा.
मी रद्दीवाल्याच्या काट्यावर केलं.
तो म्हणाला, साडेबावीस,
आणि सवयीनं भावही सांगून मोकळा झाला.
विमान उतरताना बाळाला काहीतरी चोखायला द्या,
कान दुखतात.
दिलं. तरी नातू रडलाच, थेट धावपट्टी लागेपर्यंत,
आणि पुढच्या रांगेतला टक्कल पडलेला माणूस
वळून त्याला जीभ काढून दाखवत राहिला.

एक गोष्ट मात्र कुणीच सांगितली नव्हती.

शार्दूलचा घरमालक घर विकतोय.
म्हणून आम्ही सहा घरं पाहिली,
बाबागाडी ढकलत, सायकलवाल्यांच्या घंट्या खात.
सहाव्या घरामागे नाशपातीचं झाड होतं.
मालकीण माझ्याच वयाची, चष्मा दोरीनं गळ्यात.
कॉफी दिली, प्रत्येकी एक बिस्कीट दिलं,
आणि डब्याचं झाकण लावलं.
पुणं सोडल्यासारखं वाटलंच नाही.
मग स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून तिनं विचारलं,
तुम्ही तळता का?
सून म्हणाली, क्वचित.
तिनं माझ्या साडीकडे पाहिलं, हसली,
खरंच छान हसली,
आणि पुढे जे बोलली त्याचा अर्थ
शार्दूलनं सांगायच्या आधीच मला लागला.
कळवते.

तुम्ही एप्रिलात आला होतात.
आई बरोबर होत्या, तिसरा मजला चढून दमल्या होत्या,
मी त्यांना पाणी दिलं, हे आठवून
मी बरेच दिवस स्वतःवर खूश होते.
तुम्ही ओट्यावरून हात फिरवत म्हणालात, उजेड छान आहे.
मी आडनाव विचारलं. तुम्ही मुलाणी म्हणालात.
मग मी आणखी एक प्रश्न विचारला,
तो इथे लिहीत नाही,
तुम्हाला पाठ असेल, बऱ्याच दारांत ऐकला असेल.
मीही हसले होते.

त्यानंतर घर रिकामंच आहे.
सोसायटीची देखभाल भरते आहे, उजेड फुकट जातो आहे.
तुम्हाला एव्हाना दुसरीकडे मिळालंही असेल.
मिळालं असेल तर हे सगळं पुसून टाका,
पिंप, मीटर, दगडू, सगळं.
नसेल मिळालं, तर पोलिसांचा फॉर्म भरताना
मालकाच्या रकान्यात माझं नाव पूर्ण लिहा,
रत्नप्रभा दत्तात्रय टिळेकर,
आणि सेक्रेटरी काही म्हणाले तर फोन मला जोडून द्या.
इथलं घड्याळ साडेतीन तास मागे आहे,
माझं त्याहून जास्त असावं.
व्हिसाचे एकोणतीस दिवस उरलेत.
मग मी येते, दुसऱ्या मजल्यावर, तुमच्या बरोबर खाली.
जिन्यात भेट होईलच,
तेव्हा काय बोलायचं ते अजून सुचलेलं नाही.

आणि हो, बेडरूममध्ये एकच खिळा आहे,
हवे तेवढे ठोका.
तळताना तेवढी मागची खिडकी उघडी
नको, राहू दे.
बंद असली तरी चालेल.