सायकल

दर नोव्हेंबरात शाळेतली पोरं येतात,
कोटावर लाल कागदी फूल टोचून,
आणि विचारतात, आजोबा, भीती वाटली होती का?
मी म्हणतो, माझ्याकडे सायकल होती.
पोरं हसतात. त्यांच्या बाई खिडकीबाहेर बघतात.

पण होती खरंच.
घडीची, गडद हिरवी, इंग्लंडात सही घेऊन दिलेली,
हरवली तर पगारातून कापू, असं बजावून.
पाठीवर बोजा, गळ्यात रायफल,
तिच्या तोंडाला पाणी जाऊ नये म्हणून चढवलेलं रबर
(कसलं, ते पोरांना सांगत नाही),
आणि हातात सायकल.
कुणा साहेबाच्या नकाशावर
आम्ही दुपारपर्यंत पुळण ओलांडून
गव्हाच्या शेतांमधून पायडल मारत
दहा मैल आत पोचलेलो होतो.

मी शेटिकांचा. आमच्याकडे पोर चालायच्या आधी होडीत बसतं.
त्या रात्री बोटीत सगळे हेल्मेटात ओकत होते,
हॅलिफॅक्सच्या बँकेतला तो कारकून तर
प्रत्येक ओकारीनंतर माफी मागत होता.
माझ्या पोटातलं पाणीही हललं नाही.
मी बाहेरचं पाणी बघत होतो.
भरती वाऱ्याने पुढे रेटलेली,
सांगितली होती त्याच्या निम्मी पुळणही उरली नव्हती.

शेजारी यासँत ओकुअँ.
आमच्याच गावचा, आमच्याच धक्क्यावरचा.
त्याने एकदा माझ्या झिंग्यांच्या जागेवर आपले पिंजरे टाकले,
मी त्याच्या दोऱ्या कापल्या,
आणि तीन वर्षं आम्ही एकमेकांशी बोललो नाही.
एकाच तंबूत, एकाच रांगेत,
मिठाची डबीसुद्धा तिसऱ्याच्या हातून.

फळी पडायच्या जरा आधी तो म्हणाला,
माझ्याकडे न बघता,
"ओढ डावीकडे आहे."
मी म्हटलं, "दिसतंय."

मग फळी पडली.

इथे पोरं पुढे सरकतात.
मी त्यांना सांगतो, पाणी छातीपर्यंत होतं आणि फार गार होतं.
एवढंच सांगतो.
सायकल मी दुसऱ्याच पावलाला सोडली,
हात आपोआप उघडला, मासा निसटावा तसा.
यासँतने सोडली नाही.
डोक्यावर धरली होती त्याने, दोन्ही हातांनी,
सही केली होती ना.
ओढ डावीकडे होती.
चाकं थोडा वेळ पाण्यावर दिसत राहिली,
त्यातलं पुढचं फिरत होतं.

संध्याकाळी गावातली एक म्हातारी
दार किलकिलं करून आमचं बोलणं ऐकत उभी राहिली.
म्हणाली, "तुम्ही माझ्या आजीसारखं बोलता.
हे शब्द आता इथे कुणी वापरत नाही.
कुठले रे तुम्ही?"
मी म्हटलं, इथलेच,
तीनशे वर्षांपूर्वी गेलेले.
तिने मला सफरचंदाची दारू दिली
आणि ओले बूट दाराबाहेर काढायला लावले.

सायकलीचे पैसे पगारातून कधीच कापले नाहीत.
मी वाट बघत होतो.
अजून कधीतरी पेन्शनचा कागद आला
की आधी कपातीचा रकाना बघतो.

गावी परतल्यावर दोमितिल आली, त्याची बायको,
हातात विणकामाची पिशवी, कोट न काढता बसली.
"तुम्ही बोललात का दोघं? शेवटी तरी?"
म्हटलं, बोललो.
"काय?"
पाण्याबद्दल, म्हटलं.
तिने बराच वेळ मान हलवली.
"हो," म्हणाली, "पाणी त्याला कळायचं."

बाई घड्याळ बघतात. पोरं रांगेत उभी राहतात.
सगळ्यात मागचा, दात पडलेला, विचारतो,
"आजोबा, सायकलीला घंटी होती?"

आजवर कुणी विचारलं नव्हतं.
मला आठवत नाही.
रात्री दिवा मालवल्यावर मी अंथरुणात
अंगठा हलवून बघतो.