फॅमिलीची सोय

भिवापूरच्या मिरची बाजारामागं,
वजनकाटा संपून गुरांचा दवाखाना लागायच्या आत
दमडूजी हेडाऊचं सावजी.
पाटीवर लिहिलंय, फॅमिलीची वेगळी सोय आहे.

सोय म्हणजे एक पडदा.
पडद्यामागं टेबल, चार खुर्च्या
आणि लाल मिरचीची अकरा पोती.
पहिल्या रात्री ताट यायच्या आधीच
आम्ही शिंकून शिंकून दमलो.
दमडूजीनं बाहेरूनच विचारलं,
"फॅमिली किती जन हाय?"
कांता म्हणाली, "तीन. तिन्ही बायाच."
बाहेर थोडा वेळ
भाकर मोडायचा आवाजसुद्धा थांबला.

याला चार वर्षं झाली.
दुसऱ्या वर्षी इंदिराबाईनं पडदा काढला,
मसाला गाळायला चांगलं कापड लागत होतं म्हणे.
तो परत लागला नाही.
आम्हीही विचारलं नाही.

महिन्यातून एकदा, मानधन जमा झालं की
मी टपालाची थैली सील करते,
रंजू लांजेवार उपकेंद्राला कुलूप लावते,
कांता मेश्राम अंगणवाडीतून तशीच येते,
पदराला खिचडीचा वास घेऊन.
तिचं मानधन तीन-तीन महिने येत नाही,
तेव्हा तिची ताटली आमच्या हिशेबात.
दिवसभर चाळीस लेकरांना वाढते ती.
कुणीतरी आपल्याला वाढावं
आणि भांडी आपल्याकडे येऊ नयेत,
एवढंच म्हणणं असतं तिचं.

मेनू नाही.
मंगळवारी पाटोडी, एरवी मटण,
खूर असले तर दमडूजी भुवईनं सांगतो.
मागं पाट्यावर इंदिराबाई.
सुंठ, खसखस, दगडफूल, काळं भाजलेलं खोबरं
आणि अजून एक काहीतरी
जे ती आमच्याकडे पाठ करून टाकते.
तिच्या सुनेचं बाळंतपण रंजूनं केलं,
रंजूलाही सांगितलं नाही.

रस्सा येतो.
वर जवसाच्या तेलाची तर्री,
खालचं काही दिसत नाही.
पहिला घास कानात जातो.
दुसरा नाकात.
तिसऱ्याला टाळू तापते
आणि चौथ्यापासून
आपण कुणाच्या घरच्या उरत नाही.

इथं सगळेच रडतात.
ट्रकवाले, हमाल, तलाठी,
सोयरीक ठरवायला आलेले दोन्हीकडचे पाहुणे.
रुमाल, दुपट्टा, बाही,
हाती येईल त्यानं नाक पुसतात
आणि अजून रस्सा मागतात.
काय झालं, असं कुणी कुणाला विचारत नाही.

म्हणून त्या रात्री
मला कळायला उशीर झाला.
रंजूच्या डोळ्यांतून धार लागलेली
आणि तिची वाटी भरलेलीच.
भाकरीचा तुकडासुद्धा मोडलेला नव्हता.

उपकेंद्राच्या वहीत त्या दिवशी
एकाच ओळीत
जन्माची आणि मृत्यूची तारीख
तिनं सारखीच लिहिली होती.
हे फार नंतर सांगितलं.
तेव्हा एवढंच म्हणाली,
"लय तिखट हाय आज."

कांता म्हणाली, "हाय बाप्पा."
मी म्हटलं, "हाय."

दमडूजी आला.
भरलेल्या वाटीकडे पाहिलं,
ती उचलून नेली, गरम करून आणली.
सोबत गुळाचा एक खडा,
जो तो फक्त लहान पोरांना देतो.
"हडू घ्या," म्हणाला,
आणि बाजूच्या टेबलावरच्या हमालांना
उगाच मोठ्यानं पाणी विचारत राहिला.

रंजू जेवली. दोन भाकरी.

आम्ही रात्री दहाला निघतो.
एका स्कुटीवर तिघी,
थंडीत ओठांची आग बरी वाटते.
कांताच्या घरासमोर कुत्रं ओळखीनं भुंकतं,
तिच्या सासूचा दिवा लागतो,
विझतो.

सकाळी पोस्टात
मी शिक्क्याची तारीख फिरवते.
दोनदा साबण लावूनही
बोटांना तो वास असतोच.
खिडकीशी कुणीतरी
रजिस्टरची सही करायला वाकतं
आणि शिंकतं.