डॅशबोर्डवरची मींड

कुरियाकोसच्या क्रेसिडात एक कॅसेट होती,
गुदैबियातल्या दुकानातून साडेसातशे फिल्सना घेतलेली,
कव्हर झेरॉक्सचं, नाव कडेला कापलेलं:
एवारिस्तो मेने—
पुढचं ‘झिस’ आम्हाला दोन वर्षांनी कळलं.

पाच तारांचं, विजेवरचं व्हायोलिन.
मागे ड्रम. आणि बेस असा,
की रिकाम्या टाकीवर आतून कुणी थाप मारावी.
(टाक्या आम्हाला ठाऊक. ड्राय डॉकवर
आमचा दिवस टाक्यांच्या पोटातच जायचा.)

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी म्हणालो, हा माणूस भांडतोय.
मुराद म्हणाला, नाही, घासाघीस करतोय.
रोदेल काहीच बोलला नाही. त्यानं बाजू उलटली.

मग दर शुक्रवारी, मुरादची नमाज आटोपली
की मुहर्रकच्या पुलापलीकडे, ओहोटीच्या चिखलाशी गाडी.
खुबूस, तळलेली साफी, रोदेलचे सुकवलेले आंबे.
‘काच वर करा,’ कुरियाकोस म्हणायचा,
आणि मगच बटण दाबायचा.
ज्या वर्षी कुवेतकडून धूर आला,
दुपारी तीनला गाड्यांचे दिवे लागले,
तेव्हाही काच वर, बोनेटवर काजळी,
आणि आत तो, जराही न खोकता.

चुकलो. खोकतो तो एकदा,
‘ब’ बाजूच्या पहिल्या तुकड्यात, फार दूरवर.
आम्ही चौघं त्या खोकल्याचीही वाट बघायचो.

पण खरी जागा तिसऱ्या तुकड्यात.
दोन मिनिटं चाळीस सेकंद.
वरचा सूर लांबवत लांबवत तो एकाएकी
खाली घसरतो, ओल्या शिडीवरून पाय सुटावा तसा,
आणि अगदी शेवटच्या पायरीवर सावरतो.
मी त्यांना शब्द दिला: मींड.
परमुलखात माझ्याकडून कुणी काही शिकलं असेल
तर तेवढंच.
पुढे क्रेननं प्लेट खाली सोडताना
रोदेल हात हलवून ओरडायचा, मिन! मिन!
आणि क्रेनवाल्या पंजाब्यालाही ते कळायचं.

पंचाण्णव साली रोदेलच्या बहिणीनं
हाँगकाँगहून सीडी पाठवली. अस्सल. पूर्ण नाव असलेली.
मुरादच्या मजलिसमध्ये, त्याच्या भावाच्या मोठ्या स्पीकरवर लावली.
दोन चाळीसला सूर सरळ.
ओळंब्यासारखा सरळ.
पुन्हा लावली. सरळ.

रोदेल इलेक्ट्रिशियन, त्याला आधी उमगलं.
‘ऑगस्ट,’ तो म्हणाला. ‘डॅशबोर्ड.’
फीत ताणली गेली होती. एवढंच.
सात वर्षं ज्याच्यावर जीव टाकला
त्यातलं पावशेर तरी ऊन होतं.

कुरियाकोस रागावला, दुकानदाराला शिव्या घातल्या,
जणू पैसे परत मिळणार होते.
मुराद डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसला.
‘मग काय,’ म्हणाला, ‘एक वाजवणारा वाढला.’

आता मी देवरुखात. सीडी माझ्याकडे आली,
कॅसेट कुरियाकोसबरोबर कोट्टयमला गेली,
मुरादचा फोन ईदला येतो, रोदेलचा येत नाही.
आणि खरं सांगायचं तर मेनेझिसचंच बरोबर होतं.
त्या सरळ सुरानंतर तो थांबतो,
जेमतेम एक श्वास,
ड्रमवाल्याची काठी हवेतच राहते,
एवढं तो धाडसानं काही न वाजवता ठेवतो,
आणि ते आमच्या घसरणीखाली
सगळीच वर्षं झाकलेलं होतं.
हे कळायला मला पन्नाशी लागली.

तरी संध्याकाळी पंपाची मोटर उघडून बसलो
की गुणगुणताना तीच जागा येते, आणि मी घसरतो.
केतकी व्हायोलिनच्या क्लासला जाते, तिचा कान पक्का.
‘बाबा, सूर उतरतोय.’

‘काच वर कर,’ मी म्हणतो.
ती इकडेतिकडे बघते. आम्ही अंगणात आहोत.