तीच टक्केवारी

पंप अडकला तेव्हा चार वाजून दहा मिनिटं झाली होती.
गांगुर्डे म्हणाले, तुमच्या लॅबनं पास केलेला माल आहे हा, मॅडम.

बरोबर. सही माझीच.
ओलावा शून्य पूर्णांक चार. चाळणीवर शिल्लक, काही नाही.
खडूची भुकटी शेकडा बारा, गेल्या खेपेइतकीच,
गोणीवर तोच लाल मोर.
रंग मात्र टाकीत बसून राहिलेला,
खेळण्याच्या दुकानासमोर पोरानं बसकण मारावी तसा.

पेलाभर नमुना आणला, विस्कोमीटरची चकती बुडवली.
मिनिटाला पाच फेऱ्या: आकडा इतका वर, की मी यंत्रच तपासलं.
शंभर फेऱ्या: खाली. जुन्या मालाच्याही खाली.
बंद केलं, चहा घेतला, पुन्हा लावलं,
आकडा परत वर,
मधे काही झालंच नाही असा चेहरा करून.

गुरुवारी रात्री नाझनीननं कॉलेजातून फोटो पाठवले.
जुना माल: बुटके, गोलसर दाणे,
भिजून मोकळा झालेला साबुदाणा.
नवा:
सुया.
नुसत्या सुया, एकीवर एक, कशाही.

सिन्नरला फोन केला.
माल तोच आहे हो, चुना तोच, पाणी तेच.
त्या दिवशी भट्टी जरा जास्त तापली, एवढंच.

एवढंच.

घरी जाताना द्वारका चौकात सळयांचा ट्रेलर वळत होता.
रिक्षा, स्कूटर, केळ्यांची हातगाडी, सगळे कडेकडेनं वाट काढत होते,
आणि हा, उभा असताना एका लेनचा,
वळताना त्याला अख्खा चौक लागत होता.
हवालदारानं शिट्टी तोंडातून काढून ठेवली.
मग ट्रेलर आडगावच्या दिशेला सरळ झाला
आणि कुणाला न अडता निघून गेला.
मी हेल्मेटच्या आत मोठ्यानं म्हणाले, अच्छा!
शेजारच्या रिक्षातल्या बाईंनी माझ्याकडे पाहिलं.

ढवळलं की सुया प्रवाहाच्या अंगानं झोपतात,
एकमेकींना वाट देतात.
थांबलं की, कुणी हात न लावता,
पाणीच त्यांना चहूकडून ढुसण्या देतं,
एक वळते, दुसरीच्या आड येते, तिसरी दोघींत अडकते.
चहा संपेपर्यंत चौक तुंबलेला.

सकाळी गांगुर्डे मला ओढत गोदामामागे घेऊन गेले.
त्यांनी तो रंग भिंतीला लावून पाहिला होता, रागानंच, एक हात जाड.
ब्रशखाली लोण्यासारखा गेला म्हणे,
आणि ब्रश उचलल्यावर जागच्या जागी थांबला.
एक ओघळ नाही.
शेजारी जुन्या मालाचा पट्टा, त्याला खालपर्यंत दाढी आलेली.

आता हा फेकायचा की विकायचा, सांगा, ते म्हणाले.
मी म्हटलं, पंप रिकामा करा आणि रात्रभर ढवळणी चालू ठेवा. मग बघू.

रिपोर्टचा फॉर्म जुना आहे, माझ्या आधीच्या पगारे सरांचा.
त्यात आकारमानाला रकाना आहे.
आकाराला नाही.
शेवटच्या रेघेखाली पेन्सिलनं एक चौकट आखली,
लिहिलं: आकार, सुईसारखा.
पुढे एकक लिहायची सवय हाताला.
हात तिथे थांबला,
बराच वेळ.