दोन टक्के

कोपरखैरण्यात, सेक्टर एकोणीसच्या माडीवर
ओट्यावर मी वर्तमानपत्र पसरते.
सोनाराकडे असतो तसला इवलासा वजनकाटा,
साडेतीनशेला घरपोच आलेला.
पंखा फिरत असला की आकडा थरथरतो,
म्हणून पंखा बंद, खिडकी बंद,
आईचं बोलणंही बंद, तेवढ्यापुरतं.

ही नायसिनामाइड. ही कोजिक.
ही आर्ब्युटिन, महाग, चिमटीनेच घ्यायची.
पुड्या सगळ्या पांढऱ्या,
पिठीसाखर म्हणून सहज खपतील.
आईने प्रत्येकीवर लाल पेनाने लिहून ठेवलंय:
खायचं नाही.

पाणी वेगळं तापवते, तेल आणि मेण वेगळं.
दोन्ही सत्तरावर आली की एकात एक ओतायची
आणि ढवळत राहायचं,
पिठल्यात गुठळी होऊ नये तसं, न थांबता.
आधी फाटल्यासारखं दिसतं.
मग अचानक जुळून येतं, दाट, पांढरं.
पाणीही पांढरं नव्हतं, तेलही नव्हतं.
तो पांढरा कुणाचाच नसतो,
प्रकाश थेंबाथेंबावर आपटून विखुरतो, एवढंच,
असं सर म्हणाले होते, बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला.
तिसरं वर्ष झालं नाही.

हर्षाली भोईर, घणसोलीची,
डिसेंबरात जिना चढून आली.
लग्न फेब्रुवारीत.
नणंदेने साखरपुड्याचे फोटो बघून विचारलं होतं,
उन्हात काढलेत का गं?
हॉलमधले होते फोटो. एसी हॉलमधले.
हे तिने हसत सांगितलं,
मीही हसले,
आणि हसता हसता वही उघडली.

कोजिक: दोन टक्के, असं वहीत होतं.
मी चार केले.
तिने मागितले नव्हते.
घाई तिची, हात माझा.
वर थोडं लॅक्टिक.
पार्लरवालीने तिला बिननावाची एक ट्यूब दिली होती,
ती रात्री माझ्या क्रीमच्या खाली लागत होती,
हे मला फार उशिरा कळलं.

जानेवारीत तिने फोटो पाठवला. उजळली होती.
खाली लिहिलं होतं, ताई तुझ्या हाताला सोनं लागो.
मी तो आणखी अकराजणींना पाठवला.
गाल जरा जास्तच गुलाबी होते,
ते मी उजेडावर ढकललं.

हळदीच्या रात्री मांडवात बेंजो सुरू होता,
बाहेर पोरं नाचत होती, रस्ता अडवून.
पहिली हळद मावशीने लावली, दोन्ही गालांना.
हर्षाली हसत होती.
हसू तसंच राहिलं आणि डोळे भरून आले.
रडू दे गो, बायका म्हणाल्या,
म्हायेर सुटतंय पोरीचं.
एकीने तर कौतुकाने पदर डोळ्याला लावला.
मी रांगेत तिसरी.
वाटी माझ्याच हातात होती.

माझी पाळी आली तेव्हा
मी खाली बसले आणि पावलांना हळद लावली.
पावलं तिचीच होती अजून,
डिसेंबरात माझा जिना चढलेली.
ती वाकून कानात म्हणाली,
ताई, आग होते गं.
मी म्हणाले, होतं थोडं.

उरलेली बरणी फ्रिजच्या दारात, आल्याच्या मागे राहून गेली.
महिन्याने उघडली तर तपकिरी.
हवा लागली की कोजिकचं होतं असं.
उजळवायला निघालेलं, आधी स्वतःच सावळतं.
बोटभर घेऊन मनगटावर ठेवलं.
ते कुठे संपतं आणि मी कुठे सुरू होते,
ट्यूबलाइटखाली दिसेना.

फेकावं म्हणून उठले.

फोन वाजला. ऐरोलीहून कुणी बाई.
मुलगी सातवीत आहे, म्हणाली,
गॅदरिंगला अजून वेळ आहे,
सावकाश द्या, पण चांगलं द्या.
काट्यावर रिकामी वाटी.
पंखा बंद करायला हात वर गेला
आणि तिथेच राहिला.
आकडा थरथरतो:
शून्य, वजा एक, शून्य.
हॅलो, बाई म्हणते आहे. हॅलो?