लूम

सॉल्टरहेबलचा चढ. दुसरा गिअर.
मागे खडी भरलेला ट्रक, शेजारच्या सीटवर
औषधांच्या एकवीस पिशव्या,
आणि उजव्या पायाखाली एकाएकी काहीच नाही.

म्हणजे पॅडल आहे. दाबलं की दबतंय.
पलीकडे कुणी ऐकत नाही, एवढंच.
इंजिन आपलं घुम्यासारखं बसून,
दिवाळसणाला रुसलेला जावईच.

पिवळा दिवा. क्लच.
उरल्यासुरल्या वेगात गाडी कडेला घेतली,
किल्ली काढली, दहापर्यंत मोजलं, किल्ली लावली.
झालं. जसं काही घडलंच नव्हतं.
ट्रकवाल्यानं जाताना जो हातवारा केला
त्याला भाषांतर लागत नाही.

हे जानेवारीपासून.
कधी ओल्या सकाळी, कधी कोरड्या दुपारी,
कधी तीन आठवडे नाहीच,
मग एका गुरुवारी दोनदा.
मी वहीत मांडायला लागलो:
तारीख, चढ की उतार, कितवा गिअर.
कारखान्यातली सवय. आधी लिही, मग पाना उचल,
म्हणायचा आमचा जॉबर, आणि स्वतः
एक अक्षर लिहायचा नाही.

बॅराक्लफच्या गॅरेजात मात्र ही बया
पाहुण्यांसमोर बसवलेल्या मुलीसारखी वागते.
त्यानं कॉम्प्युटर जोडला, स्वतः फिरवून आणली.
पॅडलमध्ये, म्हणाला, दोन साक्षीदार असतात.
तू किती दाबलंस ते दोघंही सांगतात,
एक पूर्ण आवाजात, एक अर्ध्या.
ताळा जमला तर ठीक.
निमिषभर जरी चुकला
तर वरचा साहेब दोघांनाही खोटं ठरवतो
आणि तुझा पाय कामावरून कमी.

'कामावरून कमी' हे शब्द माझे.
गालिच्यांची गिरणी बंद झाली तेव्हा
चौतीस जणांना एकाच मजकुराचं पत्र होतं,
फक्त नाव वेगळं, माझं तर चुकलेलं.

ताण्याचा धागा तुटला की माग थांबतो,
थांबायलाच हवा, त्यात गैर काय.
पण तिथे तुटलेला धागा दिसतो तरी.

ऑगस्टमध्ये, तिसऱ्या खेपेला,
बॅराक्लफ पॅडलांपाशी डोकं खुपसून आडवा,
पाय दाराबाहेर, दातांत टॉर्च.
दाब, म्हणाला. सोड. दाब. सोड.
चाळीसेक वेळा मी क्लच दाबला असेन.
मग खालून आवाज आला:
"लूम. तुझं लूम गेलंय."

माझा पाय क्लचवर तसाच.
इचलकरंजीत मामाचे बारा माग,
इथे एकोणीस वर्षं जॅकार्ड,
आणि आता मोटारीतही?
याला कुणी सांगितलं?

तारांच्या जुडग्याला इकडे लूम म्हणतात.
सत्तावीस वर्षांत मला कुणी बोललं नव्हतं.
मी हसलो, इतका की तो बाहेर आला
आणि काळजीनं बघत राहिला.

क्लचच्या पट्टीवर एक तार घासत होती.
दर वेळी केसभर.
उजव्या पायाचा निरोप
डावा पाय रोज थोडा थोडा खुडत होता,
आणि दोघंही माझेच.

उघड्या तांब्याचं ते टोक बघितलं
आणि माझी बोटं आपोआप पुढे गेली,
अंगठ्याखालून फेरा, वरून दुसरा,
विणकराची गाठ.
"यात गाठ चालत नाही," तो म्हणाला.
डाग दिला, वर काळी नळी चढवली,
चाळीस पौंड घेतले, आणि एक चहा दिला
ज्यात चमचा उभा राहिला असता.

दुसऱ्या दिवशी तोच चढ, दुसरा गिअर.
गाडी चढली.
वर मिसेस मिजली खिडकीत उभ्या,
रक्तदाबाच्या गोळ्यांसाठी.
आज उशीर नाही? त्यांनी विचारलं,
थोड्या हिरमुसल्यासारख्या.

क्लच मी हल्ली हळूच दाबतो,
झोपलेल्याच्या अंगावरून जावं तसा.
वही अजून दारातल्या कप्प्यात आहे.