कोण बे तू?

पहिलं उत्तर सकाळी सव्वासातला आलं:
‘कोण बे तू?’
एवढंच. खाली सही, हुद्द्यासकट,
आणि केव्हाच बंद पडलेला लँडलाइन नंबर.

मी नावं विकतो.
लोकांनी एकदा हौसेनं घेतलेली,
चादरीच्या लेबलावर, टेम्पोच्या पाठीवर रंगवलेली,
पुढे डॉट इन किंवा डॉट कॉम.
मग एका मार्चमध्ये कुणीतरी
वर्षाचे नऊशे रुपये भरायला विसरतं.
मुदत संपते, सवलतीचे दिवस संपतात,
नाव मोकळं होतं
गड्ड्याच्या गर्दीत हात सुटलेल्या पोरासारखं.
मी तो हात धरतो
आणि घरच्यांना कळवतो: सापडलंय, घेऊन जा,
फक्त खर्च द्या.
‘खर्च’ हा शब्द मी आजवर चार वेळा बदललाय.

अक्कलकोट रोडच्या टॉवेलवाल्यानं पोलिसांचं नाव काढलं,
जुळे सोलापूरच्या दातांच्या डॉक्टरनं वकिलाचं.
एका मंगल कार्यालयानं थेट माझी आई काढली,
तीही तिघांना कॉपी ठेवून.
आई तेव्हा शेजारच्या खोलीत शेंगा भाजत होती.
वास आला म्हणून मी उत्तर अर्धवट सोडलं,
बरंच झालं.

रात्री उत्तर द्यायचं नाही, हे तेव्हा कळलं.
‘साहेब’ एकदाच लिहायचं, दुसऱ्यांदा टोमणा वाटतो.
कायद्यानं नाव माझं आहे,
हे वाक्य खरं आहे, म्हणूनच लिहायचं नाही.
आणि शिवी शेवटपर्यंत वाचायची.
ज्याला नाव परत हवं असतं
तो शिवी संपवून एक ओळ मोकळी सोडतो,
मग विचारतो: किती?

वडील मिलच्या लिलावाला गेले होते, नुसते बघायला.
फाटकावरची पितळी पाटी भंगारवाल्यानं काट्यावर ठेवली.
किलोचा भाव झाला.
अक्षरांचे वेगळे पैसे नाहीत, असं वडील घरी येऊन सांगायचे,
पुन्हा पुन्हा, जणू हिशेबात तेवढीच चूक होती.
मी अक्षरांचेच पैसे मागतो.

मग राजमणी इराबत्तींचं पत्र आलं.
‘नातवाला सांगून लिहिते.
शिवी द्यायलाच बसले होते.
नॅपकिनचा धंदा ह्यांचा, नाव माझं ठेवलेलं.
म्हणजे तू मला मीच विकतोस.
ते राहू दे. त्या नावावर पत्रं यायची.
चौदा महिन्यांत काही आलं का?’

आलं होतं.
नाव घेताना सगळं टपाल मी माझ्याकडे वळवलं होतं,
सवयीनं. उघडलं नव्हतं.
दोनशे अकरा. लॉटरी, कर्ज, केस उगवायचं तेल,
आणि हुबळीहून एक:
‘निळ्या काठाचे चाळीस डझन, पूर्वीसारखेच.
अंबादासशेठना नमस्कार. फोन लागत नाही.’

ते मी तसंच पुढे पाठवलं.
किंमत लिहायची राहिली.
मुद्दाम नाही, विसरलो.
विसरल्यावर काय होतं
हे निदान मला तरी माहीत असायला हवं.

अकरा वाजता उत्तर आलं.
‘चोरा, दुसऱ्यांची पत्रं वाचतोस.
माग विकून सात महिने झाले.
नमस्कार कुठं जाऊन सांगू ह्यांना?

किती?’

नीलम नगरात खाली एकच माग चालू आहे,
त्याचा धोटा इकडून तिकडे, तिकडून इकडे.
मी आकडा लिहितो, खोडतो,
कमी करून लिहितो, तोही खोडतो.
रात्रीचं उत्तर द्यायचं नसतं.

‘कोण आहे रे एवढ्या रात्री?’ आई विचारते.
गिऱ्हाईक, म्हणालो.
‘मग बोल की नीट,’ ती म्हणाली,
आणि दिवा घालवून गेली.